फुटलंच तर मागचं

काडी उताराला घाबरते हे तिच्या थोरल्या बहिणीला ठाऊक होतं, आणि तिलाही ते काडीने कधी सांगितलं नव्हतं. तिने ते ब्रेकच्या रबरांवरून ओळखलं होतं.

ही थोरली बहीण एका सायकल संघाची चाकं बांधायची. मधला हब, तारा आणि बाहेरची रिम असं सुटं आणून त्यांचं चाक करायचं, शर्यतीनंतर वाकडं फिरणाऱ्या चाकाचा आउट काढायचा, झिजलेलं बदलायचं, हे तिचं काम. संघातल्या आठही मुली तिला ताई म्हणत, आणि वयाने तिच्याहून मोठे असलेले प्रशिक्षकसुद्धा ताईच म्हणत. प्रशिक्षकांना सगळे सर म्हणायचे. संघाच्या कार्यालयामागे एक लांबट खोली होती. तिथे छताच्या आकड्यांना चाकं टांगलेली असायची, आणि खिडकीशी ताईचं टेबल. चाक हळूहळू फिरवत ती प्रत्येक तारेवर नखाने टिचकी मारायची आणि नुसत्या आवाजावरून कुठली सैल, कुठली जास्त ताणलेली ते ओळखायची. वीस वर्षांत तिच्या हातचं एकही चाक शर्यतीत दगा देऊन गेलं नव्हतं. हे ती कधी बोलून दाखवत नसे. बोललं की नाट लागेल असं तिला मनातून वाटायचं.

काडी तिच्याहून चौदा वर्षांनी धाकटी. शाळेत कुणीतरी काडीपेटीतली काडी म्हणून चिडवलं आणि तेच नाव कायमचं चिकटलं. अंगावर मांस म्हणून नाही, पण चढ लागला की भल्याभल्या धापा टाकत असताना ही त्यांच्या मधून अशी निघून जायची, की बाकीच्यांना कुणीतरी मागून धरून ठेवलंय असं वाटावं. माथ्यापर्यंत तिला तोड नव्हती. माथ्याच्या पलीकडे मात्र गोष्ट वेगळी होती.

दोन वर्षांपूर्वी ओल्या वळणावर ती कठड्याखालून बाहेर फेकली गेली होती. गळ्याचं हाड मोडलं, मांडीला तीस टाके पडले. त्यांची आई निवृत्त नर्स. तिने सहा आठवडे रोज स्वतःच्या हाताने जखमेची पट्टी बदलली. लेकीला ती एका शब्दाने रागावली नाही आणि त्यानंतर एकाही शर्यतीला आली नाही. काडी चौथ्या महिन्यात पुन्हा सायकलवर बसली, तेव्हा सगळ्यांनी तिच्या हिमतीचं कौतुक केलं. ताईनेही केलं. पण त्या हंगामात इतर मुलींचे ब्रेकचे रबर दोन-दोन महिने टिकत, तर काडीचे पंधरा दिवसांत चपटे होऊन येऊ लागले, आणि त्यातही मागच्या ब्रेकचे जास्त. ज्याला वेगाचं भय नाही तो वळणाआधी एकदाच करकचून ब्रेक लावतो आणि सोडून देतो. घाबरलेला माणूस उतार लागला की मागचा ब्रेक जो धरतो, तो थेट पायथ्यालाच सोडतो. ताईने ते झिजलेले रबर हातात घेऊन पाहिले, नवे बसवले, आणि जुने काडीच्या नजरेला पडणार नाहीत असे कचऱ्यात टाकले.

हे असंच चालत राहिलं असतं. पण हंगामाच्या शेवटच्या मोठ्या शर्यतीआधी तीन आठवडे सर एक मोठं खोकं घेऊन ताईच्या खोलीत आले. आत कार्बनच्या चाकांची जोडी होती. सरांनी एक चाक उचलून ताईच्या हातात दिलं आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. चाक इतकं हलकं होतं की ताईचा हात उगाचच वर गेला, पायरी असेल असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी तसा. तिने जोडी काट्यावर ठेवली. तिच्या अल्युमिनियमच्या जोडीपेक्षा ती तीनशे ग्रॅमने हलकी भरली.

सरांचं सगळं ठरलेलं होतं. शर्यतीत चौदा किलोमीटरचा चढ होता आणि तेवढाच उतार. तीनशे ग्रॅम कमी म्हणजे चढावर साधारण पंधरा सेकंद वाचणार. मागच्या वर्षी काडीचा पहिला नंबर नऊ सेकंदांनी गेला होता, आणि या वर्षी या शर्यतीवरूनच पुढच्या मोसमाच्या पाच मुली निवडायच्या होत्या. ताईने खोक्यातला माहितीचा कागद काढून खिडकीशी नेऊन वाचला. सगळ्यात खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नये.

तिने तो कागद घडी करून टेबलाच्या खणात ठेवला.

ती हे सगळं ओळखून होती. अल्युमिनियम तापतं पण ती उष्णता वाऱ्यावर सोडूनही देतं. कार्बन धरून ठेवतं. त्याचे धागे ज्या डिंकासारख्या पदार्थात बसवलेले असतात, तो तापून मऊ पडला की टायरमधली हवा रिमच्या कडांना बाहेर रेटते. आधी कडेला बारीक फुगवटा येतो, मग कड उकलते, मग टायर सुटतो. ब्रेक लावून सोडणाऱ्या मुलीला यातलं काहीच होणार नव्हतं. धरून ठेवणारीला होणार होतं. आणि धरून ठेवणारी संघात एकच होती.

सरांनी आठवड्याभरात जवळच्या घाटात चाचणी घेतली. सहा किलोमीटरचा उतार. ताई पायथ्याशी उभी राहिली. दोन मुली नवी चाकं लावून खाली आल्या, त्यांच्या रिम नुसत्या कोमट लागल्या. तीच जोडी मग काडीच्या सायकलला चढवली. ती सगळ्यात उशिरा आली, हसत आली, चाकं काय पळतात म्हणाली. ताईने मागच्या रिमला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. तापल्या इस्त्रीला काहीतरी चिकटून जळावं तसा वास येत होता.

काडीने बहिणीचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू मावळलं. तिने ताईच्या कोपराला धरून तिला गाडीच्या आडोशाला नेलं.

"सरांना सांगू नकोस."

"काय सांगू नको?"

"तुला माहितीये काय ते. मला माहितीये की तुला माहितीये." काडी खाली बघून हातमोजा काढत होती आणि तो निघत नव्हता. "उताराला घाबरणाऱ्या मुलीला कुणी संघात ठेवतं का, ताई? मला दुसरं काय येतं?"

ताईने तेव्हा वेळ मारून नेली. पण काडीचं ते बोलणं तिच्या डोक्यातून जाईना. सांगावं तर बहिणीचं सगळं आयुष्य ज्यावर उभं तेच आपण काढून घ्यायचं. न सांगावं तर? त्या 'तर'च्या पुढे तिचं मन जातच नव्हतं. जेवताना घास तोंडात फिरायचा. आई विचारायची की दात दुखतोय का, आणि ती हो म्हणायची.

शेवटी तिने एक तोड काढली. चाकांचं काम करणाऱ्यालाच सुचेल अशी ती होती. उतारावर पुढचं चाक गेलं तर माणूस डोक्यावर आपटतो, त्याला हात पुढे करायलाही वेळ मिळत नाही. मागचं गेलं तर सायकल शेपूट टाकते, घसरते, पण सावरायला एखादा क्षण हाती राहतो. म्हणून पुढचं चाक अल्युमिनियमचं ठेवायचं, मागचं कार्बनचं. फुटलंच तर कुठलं फुटलेलं परवडेल, असा तो विचार होता. आपल्या पाठच्या बहिणीबद्दल आपण असा विचार करू शकतो याची तिला शरम वाटली, तरी तिने तो केला. दोन्हीला चालतील असे ब्रेकचे रबर तिने शोधून आणले, आणि सरांना सांगितलं, की वळणावर पुढच्या चाकाची पकड जड रिमने चांगली राहते.

सरांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "म्हणजे निम्मे सेकंद गेले."

"सात-आठ तरी राहतात, सर."

"बरं. तुमचं ऐकतो," सर म्हणाले. "चाकांच्या बाबतीत तुमच्याशी वाद घालून मी कधी जिंकलोय का?"

काडीला तिने कारण सांगितलं नाही. एवढंच बजावलं, की ब्रेकची मूठ हातात धडधडायला लागली, दर फेऱ्याला धक्का बसायला लागला, की एक क्षण थांबायचं नाही, सायकल डोंगराच्या बाजूला घ्यायची. दरीच्या बाजूला नाही. हे तिने तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

शर्यतीच्या सकाळी ऊन चांगलं पडलं होतं. रस्ता कोरडा होता, आणि त्या कोरड्या रस्त्याकडे बघून ताईला देवच पावल्यासारखं झालं. ती संघाच्या गाडीत मागे बसली, मांडीवर एक जादा चाक घेऊन. सर गाडी चालवत होते. गाडीत शर्यतीच्या आयोजकांचा रेडिओ होता, त्यावरून कोण कुठे आहे ते सतत सांगितलं जात होतं. काडीचा नंबर सत्तावीस.

चढ तर काडीचाच होता. अर्ध्यावर आठ जणी उरल्या, मग चार, मग दोघीच, काडी आणि बावन्न नंबरची एक उंच मुलगी. सर स्टिअरिंगवर बोटं वाजवत होते. रेडिओ म्हणाला, माथ्यावरून सत्तावीस पहिली, बावन्न तिच्या मागे चार सेकंदांवर. सरांनी मागे वळून ताईकडे पाहिलं, चेहरा आनंदाने फुलला होता. ताई हसली. तिने मांडीवरचं चाक अंगाशी ओढून घेतलं.

संघाची गाडी आणि या दोघी यांच्यामध्ये आता मागून येणाऱ्या मुलींचा एक घोळका होता, त्यामुळे गाडीला पुढे जाता येत नव्हतं. उताराला एकवीस वळणं होती. प्रत्येक वळणावर पांढऱ्या रंगाने दगडावर आकडा घातलेला, आणि तिथे उभा असलेला माणूस रेडिओवरून नंबर सांगायचा. तिसऱ्या वळणावरून बावन्न, मग सत्तावीस. पाचव्या वळणावरून बावन्न, मग बराच वेळ काही नाही, मग सत्तावीस. काडी मागे पडत होती. म्हणजे ब्रेक धरून होती. ताईच्या डोळ्यांसमोर ती काळी रिम फिरत होती आणि तिच्यावर घट्ट बसलेले दोन रबर. किती तापली असेल? सहा किलोमीटरला हाताला चटका बसला होता. हे चौदा किलोमीटर.

सातव्या वळणावरून सत्तावीस. आठव्या वळणावरून सत्तावीस.

नवव्या वळणावरून बावन्न तर कधीच गेली होती. रेडिओ नंतर घोळक्यातल्या मुलींचे नंबर सांगू लागला. अकरा, चाळीस, एकोणीस. ताई पुढे झुकून ऐकत राहिली. मग आणखी दोन नंबर. मग रेडिओ खरखरला आणि गप्प झाला.

"सत्तावीस राहिली," ताई म्हणाली.

सर म्हणाले, चुकून राहिलं असेल, त्या माणसाच्या लक्षात आलं नसेल. पण त्यांनी वेग वाढवला. ताईने काच खाली केली. आठव्या वळणावरचा माणूस खाली कुठेतरी बघत होता आणि त्याने गाडीला काही खूण केली, ती तिला कळली नाही. उजव्या हाताला गुडघ्याएवढा कठडा होता आणि त्याच्या पलीकडे काहीच नव्हतं, नुसतं ऊन आणि खूप खाली झाडांचे शेंडे. ताई कठड्याचा एकेक दगड बघत होती. कुठे रंग खरवडलेला आहे का, कुठे काही अडकलेलं आहे का. डावीकडे बघायचं तिला सुचतच नव्हतं. तिने स्वतःच काडीकडून डोंगराची बाजू वदवून घेतली होती, आणि आता तिला फक्त दरी दिसत होती. मांडीवरच्या चाकाच्या तारा तिने इतक्या घट्ट धरल्या होत्या की बोटांत रुतल्या. मनात तिने आईला काय सांगायचं त्याची जुळवाजुळवसुद्धा सुरू केली, आणि मग स्वतःलाच इतकी घाबरली की तोंडातून आवाज निघाला.

सरांनी करकचून ब्रेक दाबला.

काडी डाव्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याच्या नाल्यात बसली होती. पाय पसरून, शिरस्त्राण डोक्यावरच, डावं कोपर सोलून निघालेलं, बाकी धड. सायकल शेजारी आडवी पडली होती. मागच्या रिमची कड वीतभर उकलली होती आणि टायर बाहेर लोंबत होता. पुढचं चाक जसंच्या तसं होतं.

ताई गाडीतून उतरली आणि नाल्यात तिच्याशेजारी जाऊन बसली.  काडीच्या चेहऱ्यावरून, मानेवरून, गळ्याच्या हाडावरून तिने हात फिरवला, आई पट्टी बदलताना फिरवायची तसा.

"धडधडायला लागलं," काडी म्हणाली. तिचे दात एकमेकांवर आपटत होते. "तू सांगितलं होतंस तसंच. मी लगेच इकडे घेतली. मग मोठा आवाज झाला."

"अगं, मला माहीत होतं," ताई म्हणाली. "मागचंच जाईल हे मला माहीत होतं. म्हणून पुढचं बदललं. तोंड उघडायला हवं होतं, ते न करता मी चाक बदलत बसले."

काडीने उकललेल्या रिमकडे पाहिलं, मग पुढच्या चाकाकडे. तिला समजायला थोडा वेळ लागला.  समजल्यावर तिने ताईचं मनगट धरलं आणि सोडलं नाही.

तोवर सरांनी गाडीतलं जादा चाक आणलं होतं. सवयीने त्यांनी सायकल उचलली, मोडकं चाक काढायला हात घातला, आणि म्हणाले की अजून वीस मुली मागे आहेत, बसलीस तर पहिल्या दहात येशील.

"नको, सर."

"कोपराला मी पट्टी करतो."

"कोपराचं नाही, सर." काडी नाल्यातच बसून होती. "मला उताराची भीती वाटते. पडल्यापासून. खालपर्यंत ब्रेक सोडवतच नाही मला. चाकाचा दोष नाही."

सर चाक हातात घेऊन तसेच उभे राहिले. वरून दोन मुली आल्या आणि सुसाट निघून गेल्या. त्या गेल्यावर सर कठड्यावर जाऊन बसले. प्रत्येक वळणाला तुला लागलेल्या वेळेचे आकडे माझ्याकडे आहेत, ते म्हणाले, गेल्या दोन वर्षांचे. आंधळा असतो तरी कळलं असतं. चढाचे आकडे इतके सुरेख होते की उताराचा कागद मी खाली ठेवून द्यायचो. हे सांगताना ते काडीकडे बघत नव्हते आणि ताईकडे तर अजिबात नाही. ताई पुढच्या चाकाबद्दल बोलायला आली, तेव्हाच त्यांनी विचारायला हवं होतं, आणि तेव्हा आपण मुद्दाम विचारलं नाही, हेही त्यांनी सांगितलं.

 बोलायचं होतं ते तिघांनी दोन वर्षं पोटात ठेवलेलं होतं, आणि ते आत्ता, नाल्याच्या कडेला, पाच मिनिटांत संपलं होतं.

काडी गाडीतून खाली आली. पूर्ण उतारभर तिने डोळे मिटून घेतले होते, आणि प्रत्येक वळणाला तिची बोटं मागचा ब्रेक धरल्यासारखी आवळत होती. ताईने ते पाहिलं.

कार्बनची चाकं सरांनी खोक्यात घालून परत पाठवली. पुढच्या मोसमाच्या पाच जणींत काडीचं नाव नव्हतं. हे सांगायला सर स्वतः घरी आले, आईसमोर बसून बोलले, आणि आईने इतकंच विचारलं की आता तिने काय करायचं. सरांनी सांगितलं, की माथ्यावरच संपणाऱ्या शर्यती असतात, उतार नसलेल्या. त्यात मान कमी आहे, पण काडीला तिथे हरवणारी मुलगी त्यांनी अजून पाहिलेली नाही.  दोन दिवस काडी ताईशीही नीट बोलली नाही, आणि ताईने ते समजून घेतलं. तिसऱ्या दिवशी ती लांबट खोलीत येऊन टेबलाशी उभी राहिली आणि म्हणाली, की नुसता चढच असेल तर हलकी चाकं लावायला काय हरकत आहे.

त्या वर्षी तिने अशा सहा शर्यती केल्या आणि चार जिंकल्या. ताईने नव्या कार्बन रिम आणून बांधलेल्या चाकांवर, ज्यांना माथ्यापर्यंत ब्रेक जेमतेम चार वेळा लागायचा. खाली यायची ती गाडीतून, सायकल टपावर बांधून. काही मुली त्यावरून हसत. काडी म्हणे, हसू देत.

भीती काही गेली नाही, दोघींचीही. पण शर्यत नसली की सकाळी त्या घराजवळच्या टेकडीवर जातात. दोनच वळणांचा उतार आहे, फार नाही. काडीच्या सायकलला जाड अल्युमिनियमची चाकं असतात. ताई पहिल्या वळणावर उभी राहते आणि ओरडून सांगते, की आत्ता लाव, आत्ता सोड. काडी वरून निघते. कधी ब्रेक सोडते, कधी सोडवत नाही. ज्या दिवशी सोडत नाही, त्या दिवशी ती खाली उतरून सायकल हाताने ढकलत पुन्हा वर येते आणि पुन्हा निघते.  मागच्या आठवड्यात काडी सलग तीनदा ब्रेक वेळेवर सोडून गेली. चौथ्यांदा तिने मध्येच धरला, थांबली, आणि वळणावरून चढून येत म्हणाली की आज एवढं पुरे. ताई हो म्हणाली, आणि दोघी सायकल मधे धरून घराकडे चालत निघाल्या.